पदराची उलटी बाजू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुरबे गावातल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. वडिलांच्या काळी तिच्यात जाळी दुरुस्त करायचं सामान असे. आता तिच्यात जे आहे ते पाहून घरची माणसं हसतात आणि दर दिवाळीच्या साफसफाईला, "हे भंगारवाल्याला द्यायचं का?" असं विचारतात. थोडी कूपनं आहेत. नाव कोरलेला एक स्टीलचा डबा आहे. छातीला लावायचे कागदी बिल्ले, पंधरा-वीस फोटो, एक व्हीसीडी आणि फ्लेक्सच्या फलकाचा कापून घेतलेला तुकडा आहे. एका काड्यापेटीत परदेशातून आलेली, नखाएवढी धातूची पिन आहे. संपून गेलेल्या खेळांच्या या मागे उरलेल्या वस्तू आहेत. त्या मी का जमवल्या, आणि अशी एखादी वस्तू हाती आली तर ती तपासायची कशी, हे आज तुम्हाला सांगणार आहे.

खेळ म्हणजे टीव्हीवरचे आणि टीव्ही पाहून गावोगाव उभे राहिलेले खेळ. तुम्हाला आठवत असेल, सप्टेंबर २००४ मध्ये अल्फा मराठी वाहिनीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी वाहिनीचं नाव झी मराठी झालं, कार्यक्रम चालूच राहिला. त्यात सेट नव्हता. सूत्रसंचालक आदेश बांदेकर कॅमेरा घेऊन लोकांच्या घरी जात. घरातल्या बाईला ‘वहिनी’ म्हणत, आणि उभा महाराष्ट्र त्यांना ‘भावोजी’ म्हणू लागला. गप्पा, उखाणे, चार सोपे खेळ आणि जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी. २०२० च्या टाळेबंदीत घरी जाणं बंद झालं, तेव्हा हाच खेळ व्हिडिओ कॉलवरून झाला. २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’ या नावाने अकरा लाखांची पैठणी ठेवली गेली, आणि त्याच वर्षी अठरा वर्षं चाललेला हा कार्यक्रम थांबला.

या काळात त्याची एक सावली गावागावांत पडली होती. तिचं नाव ‘खेळ पैठणीचा’. गणपतीत, नवरात्रात, हळदीकुंकवाला एखादं मंडळ मैदानात मांडव घाली. एक माईकवाला बोलका निवेदक, संगीतखुर्ची, फुगे फोडणं, तळहातावर मेणबत्ती तोलणं आणि शेवटी उखाणा. पहिलं बक्षीस पैठणी, बाकीच्यांना डबे नाहीतर चमच्यांचे संच. आमच्याकडे दिवसभर टोपली घेऊन पालघर-बोईसरच्या बाजारात बसणाऱ्या बायका त्या संध्याकाळी लवकर परतत, आंघोळ करून, अबोली माळून मैदानात येत. पुरुष मागे उभे राहत. गावात एरवी पुढे उभं राहण्याचा मान पुरुषांचा. त्या दोन तासांपुरती ही रीत उलटी होई. म्हणून मला हा खेळ कधी फालतू वाटला नाही.

आता ती काड्यापेटीतली पिन. माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याने ती तिथल्या एका जमवणाऱ्याकडून माझ्यासाठी घेतली. तिची कथा सांगितली की वस्तू जमवण्याचं हे शास्त्र नीट कळतं. ‘कौन बनेगा करोडपती’ हा खेळ आपल्याकडे ३ जुलै २००० ला सुरू झाला. त्याचं मूळ ४ सप्टेंबर १९९८ ला ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात आहे. १९९९ मध्ये तो अमेरिकेत एबीसी वाहिनीवर आला. ही वाहिनी डिस्नी कंपनीची. कंपनीने विचार केला, की लोकांना टीव्हीसमोर बसवतो तसं सेटवरच बसवलं तर? २००१ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या आणि सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या उद्यानात त्यांनी या सेटची हुबेहूब प्रतिकृती उभारली. तेच दिवे, तेच काळीज धडधडवणारं संगीत. प्रत्येक प्रेक्षकाच्या खुर्चीला उत्तराची बटणं होती. जो अचूक आणि झटपट उत्तर देई, तो त्या प्रसिद्ध खुर्चीवर जाई. मित्राला फोन लावायची सोय इथे नव्हती. त्याऐवजी बाहेर रस्त्यावर एक फोन ठेवलेला असे. तो वाजला की जो अनोळखी पाहुणा जवळून जात असेल त्याला उचलायला लावून उत्तर विचारत!

तिथे पैसे मात्र मिळत नव्हते, गुण मिळत. आणि गुणांबरोबर वस्तू मिळत. उत्तरांची पायरी चढाल तशी एकेक पिन, मग टोपी, सदरा आणि अगदी वरच्या पायरीला मोठं बक्षीस. कॅलिफोर्नियातला खेळ २००४ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला, फ्लोरिडातला २००६ च्या ऑगस्टमध्ये. फ्लोरिडातल्या त्या जागी २००८ मध्ये दुसरंच आकर्षण आलं. सेट गेला, दिवे गेले, उरल्या त्या पिना, टोप्या आणि सदरे. त्या जमवणारे लोक आहेत. कुठली पिन कुठल्या पायरीची, पूर्ण संच कुणाकडे, याचा ते वर्षानुवर्षं शोध घेतात.

त्या उद्यानांमध्ये १९९९ पासून पिनांची देवघेव हा मोठाच छंद झाला, आणि छंद आला की नकली माल मागोमाग येतो. म्हणून ते लोक पिन आधी उलटी करतात. पाठीवरचा शिक्का स्पष्ट आहे का? पाठीवरची बारीक नक्षी थेट कडेपर्यंत गेली आहे, की कडेला सपाट पट्टी राहिली आहे? कडा बोटाला खरखरीत लागतात का? रंग खड्ड्यात नीट बसला आहे, की बुडबुडे आणि भेगा आहेत? दर्शनी बाजू कुणीही चांगली बनवतो. बनवणारा कंटाळतो तो पाठीमागे. माझी पिन मी अशीच उलटी करून पाहिली आणि मला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले माझे दिवस आठवले. तिथल्या एका कापड कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. आमचे साहेब म्हणत, कापड आधी उलटं कर, मग बोल.

माझी पहिली सूचना तीच आहे. वस्तू हाती आली की तिची मागची बाजू पाहा. फोटो असेल तर त्याच्या पाठीवर कागदाच्या कंपनीचं नाव छापलेलं असतं, कधी स्टुडिओचा शिक्का असतो, कधी बॉलपेनने लिहिलेली नावं असतात. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख आली असेल तर ती कॅमेऱ्याच्या घड्याळाची आहे हे लक्षात ठेवा. बॅटरी बदलल्यावर घड्याळ लावायचं राहून गेलं, की तोच कॅमेरा पुढे वर्षभर चुकीची तारीख छापत राही.

दुसरी सूचना काळ ठरवण्याची. वस्तूवर वर्ष नसतं, पण तिच्या अंगावर काळाच्या खुणा असतात. फ्लेक्सच्या तुकड्याचंच उदाहरण सांगतो. एका पावसाळ्यात आमच्या आळीत लाकडं झाकायला टाकलेला एक फलक मला दिसला. रंगीत बाजू आत आणि पांढरी बाजू वर. उचलून पाहिलं तर ‘खेळ पैठणीचा’. वर्ष फाटून गेलेलं. उरलं होतं इतकंच : ‘रविवार, २ ऑक्टोबर’, ‘जिल्हा ठाणे’ आणि बक्षिसाच्या रकमेआधी रुपयाचं नवं चिन्ह.

आता हिशेब पाहा. रुपयाचं हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, म्हणजे फलक त्यानंतरचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे फलक त्याआधीचा. २ ऑक्टोबरला रविवार २००५, २०११, २०१६ आणि २०२२ साली आला होता. यातलं चिन्ह आणि जिल्हा या दोन्ही चाळण्यांतून खाली पडणारं वर्ष एकच, २०११. त्या वर्षी नवरात्र २८ सप्टेंबरला बसलं होतं, म्हणजे २ ऑक्टोबर नवरात्रातच येतो. एका ओल्या, फाटक्या फलकाने स्वतःचा जन्मदिवस सांगितला. वाहिनीचं ‘अल्फा’ हे नाव असलेली वस्तू २००५ नंतरची नसणार, आणि मुंबईचा फोन नंबर सात आकडी असेल तर कागद बहुधा २००२ च्या आधीचा, अशा आणखी कितीतरी चाळण्या तुम्हाला वापरता येतील.

तिसरी सूचना साठवणीची, पण ती मला फार उशिरा कळली. त्यासाठी त्याच फलकाशी जोडलेली एक हकीकत सांगावी लागेल.

गेल्या काही वर्षांतल्या एका जुलैची गोष्ट. मासेमारीची पावसाळी बंदी चालू होती आणि बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. शेजारच्या वहिनी त्यांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक साडी होती. २०११ च्या त्या खेळात जिंकलेली पैठणी.

"भावजी, तुम्ही कापडाच्या कंपनीत होतात ना? मग ही जरा बघून द्या," वहिनी म्हणाल्या.

मुलगा घाईत होता. बोटीच्या इंजिनाचं काम निघालं होतं आणि बंदी उठायच्या आत ते करायला हवं होतं. अकरा लाखांच्या पैठणीची बातमी त्याने ऐकली होती. "काका, अकरा लाख नाही म्हणत मी. पण खरी असेल तर पन्नास-साठ हजार तरी येतील ना?"

त्याचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. हातमागावरच्या पैठणीची किंमत काही हजारांपासून लाखांपर्यंत जाते, आणि पदर भरलेला असेल तर विणकराचे कित्येक महिने त्यात जातात. शिवाय मुरब्याच्या माणसाला एका रात्रीत नशीब उघडण्याची गोष्ट ऐकीव नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेर आमच्याच गावच्या एका बोटीला दीडशेहून अधिक घोळ मासे मिळाले आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आल्याच्या बातम्या सगळ्या वर्तमानपत्रांत झळकल्या. घोळीचं मांस काही त्या भावाचं नसतं. भाव असतो तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, औषधी उपयोगासाठी परदेशात तिला मागणी असते. वरून मासा दिसतो, किंमत आत असते. तसंच या साडीतही काही निघेल, असं पोराला वाटलं तर नवल नाही.

मी साडी खाटेवर पसरली. जांभळा रंग, पदरावर चार मोर, काठाला नारळी. दिसायला सुरेख. पैठणी तपासायची तर सुरुवात पदराच्या उलट्या बाजूपासून करावी. खऱ्या पैठणीच्या पदरावरची नक्षी विणकर हाताने, रंगारंगांच्या छोट्या कांड्यांनी भरतो. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरता जातो आणि शेजारच्या रंगात अडकून परत फिरतो. त्यामुळे मोर पुढून जसा दिसतो जवळजवळ तसाच मागून दिसतो. यंत्रमागावर धागा पदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. जिथे रंग नको तिथे तो मागून मोकळा लोंबतो, किंवा कापून टाकलेला असतो आणि मागे कुसळांसारखी टोकं राहतात.

मी पदर उलटा केला. कुसळं होती.

तरी धागे मोजायच्या भिंगातून पाहिलं. जर ओरखडून पाहिली. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून सोन्याचा मुलामा देतात. पुढे तांब्याच्या तारेची जर आली, आणि आता चमकत्या प्लास्टिकची सर्रास असते. ही प्लास्टिकची होती. शेवटी पदराच्या गोंड्यातला एक सुटा धागा काढून काडीने पेटवला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत भुरभुरते. कागदासारखा वास आला तर कृत्रिम रेशीम, आणि धागा वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. आमच्या काडीच्या टोकाला काळा मणी झाला.

मंडळी, कारखान्यात मी हजारो नमुने नापास केले असतील. कागदावर खूण केली की काम संपे. इथे समोर त्या बसल्या होत्या. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी भर मैदानात त्यांच्या खांद्यावर ही साडी घातली गेली, तेव्हा सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. मी क्षणभर गप्प राहिलो. खरी आहे म्हणावं, तर पोरगा दुकानात जाऊन अपमान करून घेणार. खोटी म्हणावं, तर ती संध्याकाळच खोटी ठरणार.

"यंत्रावरची आहे, वहिनी. रेशीम नाही. विकून हजार-बाराशेसुद्धा येतील का शंका आहे," मी सांगितलं.

मुलगा उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. वहिनी मात्र शांतपणे साडीची घडी घालू लागल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "अहो भावजी, जन्मभर मासे तोलले मी. साडी हातावर घेतली त्याच दिवशी कळलं, हलकी आहे म्हणून. आईची पैठणी धरलेली आहे मी हातात."

"मग मला कशाला दाखवलीत?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझं ऐकत नव्हता. तुमच्या तोंडून ऐकलं म्हणजे विकायचं नाव काढणार नाही."

म्हणजे माझ्या भिंगाची, काडीची परीक्षा त्यांनी आधीच हातावर केलेली होती. त्यांना हवं होतं ते माझ्या नोकरीचं वजन.

मग मी त्यांना विचारलं, की हलकी आहे हे ठाऊक असून इतकी वर्षं जपलीत कशी? तेव्हा त्या संध्याकाळची हकीकत कळली. शेवटची फेरी उखाण्याची होती. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण लग्नातल्या त्या दोन-तीन प्रसंगांनंतर नवऱ्याचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. माईक हातात आला आणि त्यांनी ते घेतलं. त्यांचे यजमान मागे बोटवाल्या मंडळींत उभे होते. सगळे त्यांच्याकडे वळून हसले, आणि एरवी कमी बोलणारा तो माणूस टोपी काढून बायकोकडे बघत राहिला. पुढे काही वर्षांनी ते गेले. ही साडी म्हणजे त्या एका क्षणाची पावती आहे. ती रेशमी असती तरी त्याच क्षणाची असती.

मला एकदम आठवलं, की माझ्या पेटीत त्या कार्यक्रमाची व्हीसीडी आहे! गावातल्या फोटोग्राफरने काढली होती आणि मी ती मागून घेतली होती. उखाणा त्यात असणार, आवाजासकट. मुलालाही हाक मारली. पेटी खाली काढली, चकती पुसली, शेजारच्या मुलाच्या जुन्या संगणकात घातली. चकती फिरली, अडखळली आणि थांबली. उजेडाकडे धरली तर चकाकणारा थर कडेने सुटला होता आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. आमच्या गावची हवा खारी. लोखंडी खिळा दोन वर्षांत गंजतो, तिथे चकतीचा काय पाड? पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. चित्र नाही, आवाज नाही.

चूक सर्वस्वी माझी होती. चकती इतकी वर्षं माझ्याकडे होती आणि मी ती एकदाही चालवून पाहिली नव्हती, नक्कल केली नव्हती. पेटीत ठेवली म्हणजे जपली, अशी माझी समजूत होती. साडी मात्र वहिनींनी दर पावसाळ्यानंतर सावलीत वाऱ्याला टाकली होती, घड्या बदलल्या होत्या. त्यांची नकली वस्तू शाबूत राहिली आणि माझी अस्सल नोंद मेली.

म्हणून तिसरी सूचना कळकळीने सांगतो. तुमच्या कपाटात अशा चकत्या, कॅसेटी असतील तर त्यांची नक्कल आजच करून घ्या, आणि एक नक्कल दुसऱ्याच्या घरी ठेवा. फोटो प्लास्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर अलगद काढून कागदी पाकिटांत ठेवा. कूपनांना चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. जरीची साडी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून जुन्या, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. वर्षातून दोन-तीनदा घडी बदला, नाहीतर घडीवरच साडी चिरते.

ज्यांना नवीन पैठणी घ्यायची आहे त्यांच्यासाठीही दोन शब्द. पैठण आणि येवला ही तिची घरं. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २००४ पासून केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने शुद्ध रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ची खूण दिली जाते. ती पाहा आणि पदर उलटा करा. विणकराचं पोट त्या उलट्या बाजूवर अवलंबून आहे. यंत्रावरची घेतली तरी गैर काही नाही, फक्त ती यंत्रावरची म्हणून, यंत्राच्या भावात घ्या.

पण जुन्या वस्तूच्या बाबतीत आणखी एक उलटी बाजू असते, ती भिंगातून दिसत नाही. वस्तू कुणाची, कधीची, कशाने मिळाली आणि तेव्हा जवळ कोण होतं, हे सगळं त्या बाजूला असतं. संग्रहालयवाले यालाच वस्तूचा पूर्वेतिहास म्हणतात. फ्लोरिडाच्या माझ्या पिनेला तो नाही. ती खरी आहे, शिक्का स्वच्छ आहे, पण त्या दिवशी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देऊन कुणी ती मिळवली, घरी जाऊन कुणाला दाखवली, हे सांगणारं कुणी नाही. खरी असून ती मुकी आहे. वहिनींची साडी खोटी असून बोलते, कारण बोलणारं माणूस अजून आहे. माणूस गेलं की तीही नुसती एक जांभळी साडी होईल.

तेव्हा त्या दिवशी मी चकती बाजूला ठेवली आणि वही काढली. वहिनी सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. मैदान कुठलं, कुठले खेळ झाले, शेजारी कोण बसलं होतं, पाऊस होता का. मुलगाही बसून ऐकत होता. तेव्हा तो शाळेत होता आणि कंटाळून मध्येच घरी गेला होता, म्हणून वडिलांनी टोपी काढल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. उखाणा वहिनींनी आधी नको म्हटला, मग सांगितला. तो त्यांचा आहे, म्हणून इथे म्हणून दाखवत नाही.

इंजिनाचं काम पुढे उधारीवर झालं आणि बोट वेळेवर पाण्यात गेली. नारळी पौर्णिमेला वहिनी तीच साडी नेसून किनाऱ्यावर आल्या होत्या. मुलाने त्यांचा फोटो काढला आणि मला एक प्रत आणून दिली. पाठीवर पेन्सिलीने त्यानेच तारीख आणि आईचं नाव लिहिलं होतं.

तुमच्याही घरात असा एखादा डबा, करंडक, बिल्ला असेल. त्याची किंमत काय, हे नंतर विचारा. आधी तो ज्यांचा आहे त्यांच्याजवळ बसा आणि तो कसा मिळाला ते लिहून घ्या. माझ्या पेटीत आता त्या वहीतली चार पानं आहेत, आणि त्यांची एक नक्कल शेजारच्या घरी आहे. साडी मात्र वहिनींच्याच कपाटात आहे, मलमलीत.